गादी बदलायची की वरून टॉपर टाकायचा? दिवाळी ते श्रावण, परभणीतला अनुभव

आमच्या घरी दोन पलंग. दोन्हींवरच्या गाद्या घर बांधलं तेव्हा एकदमच घेतलेल्या, म्हणजे सात वर्षं उलटून गेलेली. गेल्या दिवाळीत एकीवर दोन इंची मेमरी फोमचा टॉपर, म्हणजे गादीवर अंथरायचा पातळ थर, टाकला आणि दुसरी सरळ काढून टाकली. आता श्रावण लागलाय. तिन्ही ऋतू होऊन गेल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण नेटवरचे बहुतेक रिव्ह्यू "काल आला, मस्त आहे, पाच स्टार" छापाचे असतात. गादीचं खरं रूप परभणीच्या मे महिन्यात कळतं.

दोन गाद्यांना दोन न्याय का लावले, ते आधी सांगते.

आमच्या खोलीतली गादी कॉयरची, म्हणजे नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक फवारून दाबून केलेली. ती सपाट होती, खड्डा कुठेच नव्हता. पण वरचा फोमचा पातळ थर पार बसून गेला होता. कुशीवर वळलं की खांदा आणि कमरेचं हाड टोचायचं. सासू-सासऱ्यांच्या खोलीतली गादी साध्या फोमची. तिच्यात दोघांच्या जागी दोन खोलगे आणि मधे उंचवटा. सासरे जन्मभर शेती केलेले. ते एक दिवस म्हणाले, "ह्या गादीत सऱ्या पडल्यात बघ, आता पेरायचं तेवढं राह्यलंय."

खड्डा डोळ्यांना दिसतो तेवढा खरा नसतो, चादरीखाली तर अजिबात कळत नाही. म्हणून चादर काढून गवंड्याचा दोरा गादीच्या या काठापासून त्या काठापर्यंत ताणून धरला आणि दोऱ्याखाली पट्टी उभी केली. आमच्या गादीवर अर्धा इंचसुद्धा अंतर भरलं नाही. सासऱ्यांच्या बाजूला जवळजवळ दोन इंच. बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटीत एक इंचाच्या वरचा खड्डाच धरतात, आणि तोही गादीवर कोणी नसताना मोजलेला. तीच रेघ मी घरासाठी धरली. टॉपर मऊ असतो, तो खालच्या आकारात बसतो. खाली दोन इंचांचा खड्डा असेल तर वर टाकलेला टॉपरही त्याच खड्ड्यात जाणार. वरचा थर बदलणं हे त्याचं काम. खालचा आधार तो देऊ शकत नाही. नऊ-दहा महिन्यांनंतरही माझं मत यावरून इंचभर हललेलं नाही.

गादी उचलून खालचा प्लायही बघा, ही पायरी लोक हमखास गाळतात. आमच्या कॉयरच्या गादीखाली तपकिरी भुसा सांडलेला होता, चिमूटभर. काथ्या तुटून त्याची पूड होते, ती ही. चिमूटभर असेल तर चालतं, सुपलीभर निघाली तर आतून गादी संपली म्हणायची. दुसऱ्या पलंगाचा प्लायच मधे वाकलेला निघाला, खालची एक पट्टी सुटली होती. सुताराने पट्टी ठोकली आणि सांगितल्यावर प्लायला बोटभर जाडीची भोकंही पाडून दिली. बॉक्सच्या पलंगात हवा खेळत नाही, पावसाळ्यात गादीची खालची बाजू ओलसर होऊन काळे ठिपके येतात, त्यावर हा साधा उपाय. पलंगाकडे शंका असेल तर गादी दोन रात्री जमिनीवर टाकून झोपून बघा. जमिनीवर बरं वाटलं तर दोष लाकडाचा, गादीचा नव्हे.

आता टॉपर. आमचा पलंग सहा बाय सहा, म्हणून ७२ बाय ७२ इंच, जाडी दोन इंच, किंमत साडेसहा हजारांच्या आत. ऑनलाइन मागवला. आला तो गुंडाळी करून, हवा काढून. उघडला तेव्हा वास होता, रंगकाम झालेल्या खोलीसारखा. खिडकी उघडी ठेवून दोन दिवस पसरून ठेवला. कोपरे फुगायला जास्त वेळ लागला कारण तेव्हा थंडी सुरू झाली होती.

पानावर लिहिलं होतं "५० डेन्सिटी". डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. मग मोजून का बघू नये? ७२ बाय ७२ बाय २ इंच म्हणजे साधारण ०.१७ घनमीटर. ५० ने गुणलं की साडेआठ किलो यायला हवं. कव्हर काढलं, फोम पुन्हा गुंडाळला आणि दिरांच्या मोंढ्यातल्या दुकानात नेऊन काट्यावर ठेवला. हमाल हसायला लागले, "वहिनी, काय भावानं द्यायलाव?" काटा सात किलोच्या जरा अलीकडे थांबला. म्हणजे डेन्सिटी ४० च्या आसपास. विक्रेत्याला फोटोसह लिहिलं. उत्तर आलं की "गुणवत्ता तपासूनच माल पाठवला जातो". परत पाठवायची मुदत होती, पण दोन इंची फोम पुन्हा त्या पिशवीत कोंबणं माणसाच्या हातचं काम नाही, आणि थोडी किंमत परत देऊन त्यांनी विषय मिटवला. तुम्ही घेणार असाल तर आल्या दिवशीच वजन करा. डेन्सिटी कमी म्हणजे फोम लवकर बसणार. आज मऊ लागतो की नाही याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही, त्यामुळे दाबून बघून काही कळत नाही.

थंडीतला अनुभव गमतीचा. मेमरी फोम ही मुळात १९६६ च्या सुमाराला नासाच्या कामातून निघालेली वस्तू, विमानाच्या सीटसाठी. अंगाच्या उबेने मऊ होणं हाच तिचा गुण. परभणीत डिसेंबर-जानेवारीत कृषी विद्यापीठात नोंदलेला पारा पाच-सहाच्या खाली जाऊन पेपरात बातमी येते, त्या रात्री टॉपर सुरुवातीला चक्क पाटासारखा लागायचा. पाच-दहा मिनिटांत अंगाखालचा भाग सैल पडायचा आणि मग मात्र सुख. कुशीवर झोपणाऱ्यांसाठी तर फारच छान. माझा खांदा दुखायचा थांबला हे मी स्पष्ट सांगते. संक्रांतीपर्यंत मी हा टॉपर दिसेल त्याला घ्यायला सांगत होते.

मग उन्हाळा. एप्रिल उजाडला की आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, मेमध्ये ४३-४४. घरात एसी नाही, कूलर आहे. मेमरी फोम अंगाभोवती वर येतो, म्हणून पाठीला हवा लागत नाही, आणि धरलेली उष्णता सोडत नाही. त्यात कूलरची दमट हवा. रात्री एक-दीडला लाईट गेली की पाठीखाली तवा. "कूलिंग जेल" लिहिलेलं होतं. पहिली दहा मिनिटं गार लागतं, नंतर जेललाही घाम फुटत असावा. आणखी एक, जो कुठे लिहिलेला सापडला नाही: उन्हाळ्यात फोम थंडीपेक्षा बराच जास्त मऊ होतो. जानेवारीत जो टॉपर बरोबर वाटला, त्यातच मेमध्ये कंबर खाली जायची. अक्षय्य तृतीयेच्या आसपास तो गुंडाळून माळ्यावर गेला आणि मृग बरसून हवा जरा उतरल्यावरच खाली आला.

त्या दिवसांत आम्ही कशावर झोपलो? इथे दुसऱ्या पलंगाची गोष्ट.

तिथे नवी गादी घ्यायची हे दोऱ्यानेच ठरवलं होतं. सासऱ्यांना डॉक्टरांनी पूर्वी कधीतरी "कडक जागी झोपा" सांगितलेलं, म्हणून त्यांचा हट्ट फळीसारख्या गादीचा. २००३ साली लॅन्सेटमध्ये स्पेनमधल्या ३१३ जणांवरचा अभ्यास आला होता, जुनी कंबरदुखी असलेल्यांना कडक आणि मध्यम कडक गाद्या ९० दिवस देऊन पाहिल्या, आणि मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. हे मी त्यांना वाचून दाखवलं. "स्पेनवाल्यांनी कधी बाजेवर अंग टाकलंय का?" एवढं म्हणून शेवटी कबूल झाले. गावातल्याच दुकानातून पाच इंची गादी घेतली, खाली कॉयर आणि वर दीड इंच एचआर फोम, म्हणजे दाबला की लगेच वर येणारा. साडेतेरा हजार. दुकानात दोघांना चांगलं पंधरा मिनिटं आडवं झोपवलं, चपला काढून. सासूबाईंना लाज वाटत होती, पण ऑनलाइन खरेदीत ही सोय नाही.

सासूबाईंची मात्र एक अट होती: वर कापसाचंच पाहिजे. त्यांनी गादी कारखान्यातून दोन इंची पातळ गादी भरून घेतली. बारा किलो कापूस, पट्ट्यापट्ट्यांचा गादीपाट, दाभणाने घातलेले टाके. सगळं मिळून बत्तीसशे रुपये. गादीवाल्याने सांगितलं की आखूड, खरबरीत गावरान कापूस फुगलेला राहतो, लांब धाग्याचा लवकर बसतो; पण आता शिवारात सगळं बीटी, गावरान शोधावा लागतो. कापसाच्या जिल्ह्यात राहून हे ऐकायचं म्हणजे कमालच. पिंजायला आता धुनकी नाही, टेम्पोवर मशीन घेऊन येतात, गल्लीभर तंतू उडतात.

तर ही पातळ गादी म्हणजे टॉपरच की. मेमध्ये सासूबाईंनी जुन्या कापसातून आमच्यासाठीही तशीच एक भरून दिली आणि अख्खा उन्हाळा आम्ही कॉयरवर तीच टाकून काढला. घाम शोषते, पाठ कोरडी राहते, सकाळी गच्चीवर दोन तास ऊन दाखवलं की ताजी. खांद्याचा आराम मेमरी फोमइतका नाही, तीन-चार महिन्यांत ती दबते, आणि बारा किलोचं धूड जिन्यावरून वर न्यायला दोन माणसं लागतात. ऊन न दाखवणाऱ्यांनी कापसाच्या नादी लागू नये.

पावसाळ्यात टॉपर परत आला. कव्हरला चेन आहे, धुता येतं, पण ते वाळायला दीड दिवस लागतो, आणि नळाला पाणी येईल त्याच दिवशी धुवायचं असल्याने आमच्याकडे ते महिन्याला एकदाच होतं. फोमवर स्वतः पाणी कधीच घालू नका. कोपऱ्यांच्या इलॅस्टिकच्या पट्ट्यांपैकी एक सैल झाली आहे, टॉपर पायाकडे दोन बोटं सरकतो. कमरेच्या जागी हलका खोलगा दिसायला लागलाय, दोऱ्याखाली पाव इंच. पहिल्याच वर्षात हे व्हायला नको होतं. सात किलोचा हिशोब इथे दिसला असं मी धरते.

पुन्हा घ्यायचा झाला तर लॅटेक्सचा, म्हणजे रबराच्या फोमचा, बघेन. तो भोकांचा असतो, हवा खेळते, उन्हाळ्यात-थंडीत फारसा बदलत नाही. वजन आणि किंमत दोन्ही जास्त. सध्या कॉयरची गादी सपाट आहे तोवर ती बदलायचा विचार नाही.

दोन किरकोळ गोष्टी. टॉपरने पलंग दोन इंच उंच होतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठायला ते बरं पडतं, पण बुटक्या माणसाचे पाय लोंबतात, आणि जुन्या इलॅस्टिकच्या चादरी बसत नाहीत. आणि माप फुटांत सांगू नका. आपल्याकडे सुतार सहा बाय सहाचा पलंग करतो, ऑनलाइन बहुतेक माल ७८ इंच लांबीचा येतो. टेप घेऊन पलंगाच्या आतून इंचात मोजा, जुन्या गादीवरून नको, ती काठांना पसरलेली असते.