देशी मासे घ्यायचे तर इथेच, पण घाईत असाल तर जाऊ नका

रेटिंग: ५ पैकी ४

पुण्यात टँकमध्ये पाळायचे देशी गोड्या पाण्यातले मासे ठेवणारी दुकानं आता बरीच झालीत, पण बहुतेक ठिकाणी सकाळी पार्सल आलं की संध्याकाळपर्यंत मासे गिऱ्हाइकाच्या पिशवीत. इथे तसं चालत नाही. मागच्या भिंतीला खालच्या रांगेत काळा कागद लावलेले टँक आहेत, नवीन लॉट आधी तिथे जातो आणि तुम्ही कितीही मागे लागलात तरी दुकानातले काका म्हणणार, "अजून नीट खात नाहीये, पुढच्या आठवड्यात बघू." लोक वैतागतात, मी बघितलंय, एक जण तर पैसे काउंटरवर ठेवून भांडत होता तरी दिला नाही मासा. मला विचाराल तर या दुकानाची सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

कारण नदीतून धरलेल्या माशाने पेलेट, म्हणजे गोळ्यांचं कोरडं खाणं, कधी बघितलेलंच नसतं. आसाम-बंगालच्या ओढ्यातून जाळ्यात, मग जमा करणाऱ्याच्या हौदात, मग कोलकाता, मग इकडे, आणि पाठवायच्या आधी मुद्दाम उपाशी ठेवतात कारण पिशवीत घाण झाली तर सगळेच जातील. दुकानात पोचतो तोपर्यंत पोट आत गेलेलं, पंख मिटलेले, कल्ले भराभर हलतायत. असा मासा आणि तीन आठवडे सांभाळून खाता केलेला मासा दिसायला एकाच जातीचे असतात पण घरी नेल्यावर फरक कळतो, पहिला आठवडाभरात मरतो आणि मग आपण पाण्याला दोष देत बसतो.

मी इथून स्कार्लेट बॅडिस घेतले. दोन सेंटिमीटरचा मासा, नर लालभडक आणि अंगावर निळसर पांढरे पट्टे, भारतातला सगळ्यात देखणा छोटा मासा आहे असं माझं ठाम मत आहे. पण खायच्या बाबतीत हट्टी, कोरडं खाणं तोंडात घेतलंच तर थुंकतो, हलणारंच पाहिजे. काका समोर खायला घालून दाखवतात, उलट्या बाटलीत आर्टेमियाची (खारट पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) अंडी उबवायला ठेवलेली असतात, त्यातली पिल्लं ड्रॉपरने टँकमध्ये सोडली की गवतातून एकेक नर बाहेर येतो आणि टिपतो. जो टिपत नाही तो विकायचा नाही. घेताना सोबत डाफ्नियाची (पाण्यातले बारीक किडे) छोटी बाटली आणि ग्रिंडल वर्मचा (बारीक पांढरे जंत) डबा फुकट दिला, वर दम पण दिला की हे जिवंत खाणं घरी वाढवता आलं नाही तर पुढचा मासा मागायला येऊ नका! बॅडिसला रोज ब्लडवर्म आणि ट्युबिफेक्स (लाल अळ्या आणि जंत) देऊ नका हे पण इथेच ऐकलं, त्याने ते सुजतात आणि मरतात. माद्या मात्र मिळाल्या नाहीत, त्या मळकट रंगाच्या असतात म्हणून पकडणारे पाठवतच नाहीत, सगळीकडे हीच बोंब आहे.

आणखी एक, इथे कोणी मागेल तो मासा देत नाहीत. माझ्यासमोर एकाने दोन फुटी टँकला फिलामेंट बार्ब मागितले, आपल्या कोकण-गोव्यातला तो काळ्या ठिपक्याचा, पिल्लं फार गोंडस दिसतात. काकांनी सरळ सांगितलं की हा चांगला वीतभर जवळ जातो आणि घोळक्याने राहतो, चार फुटी घ्या मग या. ओढ्यातले गारा आणि छोटे लोच (दोन्ही तळाशी राहणारे मासे) मागणाऱ्याला आधी विचारतात की एप्रिल-मेमध्ये टँकचं तापमान किती होतं. हे विचारणारं दुसरं दुकान मला माहीत नाही. २० डिग्रीच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला तोच साडेसातच्या आसपास, आणि वाहत्या गार पाण्यातल्या माशाला नेमका तेव्हाच जास्त लागतो. त्यामुळे पाण्यावर पंखा आणि जोरदार पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) असल्याशिवाय हे मासे पुण्याच्या उन्हाळ्यात ठेवू नयेत, हीटर वगैरे तर विसराच.

कुरियरने मागवलेल्या माशांबद्दल पण मोकळेपणाने सांगतात, म्हणजे दुसऱ्याकडून मागवलेत तरी. लांबून आलेली पिशवी उघडून तासन्‌तास थेंब थेंब पाणी सोडत बसायचं नाही, कारण बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो आणि तोपर्यंत माशाच्या घाणीतला अमोनिया फारसा बाधत नाही, तोंड उघडलं की गॅस उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. आधी बंद पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवायचं आणि मग मासा जाळीने पटकन टँकमध्ये, पिशवीतलं पाणी बाहेर. दुकानातून अर्ध्या तासात घरी आणलेल्या माशाला ड्रिप चालतं. हे इतकं साधं आहे पण यानेच किती मासे वाचतात!

आता एक स्टार का कापला ते. इथे झेब्रा लोच विकायला असतात, बोटिया स्ट्रायाटा, आपल्या सह्याद्रीतला कृष्णेच्या खोऱ्यातला मासा, आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संस्थेच्या यादीत 'एंडेंजर्ड', म्हणजे नामशेष व्हायचा धोका असलेला. हे नदीतून धरलेलेच असतात, काकांनीच मान्य केलं. मी त्यांना म्हटलं काका तुम्ही इतकं जपता माशांना मग हे कशाला ठेवता, तर म्हणाले मी नाही घेतले तर दुसरा घेईल आणि त्याच्याकडे मरतील. मला नाही पटलं. दुकानदार मागवतो म्हणून नदीवरचा माणूस धरतो, ही साखळी इथेच तोडता येते. डेनिसन बार्ब, तो लाल रेघेचा मिस केरळ, वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीत यादीत आला तेव्हापासून त्यांनी तो ठेवणं बंद केलं, मग हा पण बंद करता येईल की. बॅडिस सध्या तरी धोक्यातल्या यादीत नाही म्हणून मी घेतला, लोच घेणार नाही आणि तुम्हीही घेऊ नका. टँकवर माशाचं नाव असतं तसं कुठून आला ते पण लिहा अशी विनंती केलीये, बघू.

भाव बाहेरच्या दीडपट आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. टँकमध्ये टाकायची बदामाची वाळलेली पानं मात्र इथून घेऊ नका, उगीच महाग आहेत, सोसायटीत झाड असेल तर खाली गळलेली तांबडी पानं धुवून वाळवा, तीच टाका, फक्त फवारणी झालेली नको.

जाणार असाल तर रविवार टाळा, गर्दीत काका नीट बोलत नाहीत. आपल्या टँकचं पाणी एका बाटलीत घेऊन जा, ते समोर टेस्ट करून सांगतात, बोअरचं किंवा टँकरचं येत असेल तर नक्कीच न्या कारण खडकवासल्याच्या नळाच्या पाण्यात आणि त्यात खूप फरक पडतो. यूपीआय चालतं. मासा धरताना मोबाइलचा फ्लॅश मारू नका, ओरडतात, आणि बरोबर ओरडतात.