भाकऱ्या पाच, बिलात आठ

नाशिकहून फैजपूरला, म्हणजे बायकोच्या माहेरी जाताना पारोळा सोडलं की आमची गाडी आपोआप हळू होते. जळगावच्या अलीकडे हायवेला एक ढाबा आहे. नाव लिहीत नाही. गेली दहा-बारा वर्षं आम्ही तिथंच जेवतो. आधी बाजा होत्या, मग टेबलं आली, या खेपेला एसी हॉल. मे महिन्यात लग्नाला निघालो होतो. आई, आम्ही दोघं आणि दोन पोरं.

बसल्या बसल्या पोऱ्या म्हणाला, "भाऊ, बामणोदनं वांगं शे, स्पेशल भरीत लावू का?" मी म्हटलं, लाव. भाव विचारला नाही. ओळखीच्या ठिकाणी काय विचारायचा!

बामणोद म्हणजे भरिताच्या वांग्यांचं गाव, आणि बायको त्याच्या शेजारी वाढलेली. पहिल्या घासालाच तिनं माझ्याकडे बघितलं. भरिताचं खरं वांगं हिरवं, अंगावर पांढऱ्या रेघा, बिया नावाला. कपाशीच्या काड्यांवर भाजून ठेचलं की धुराचा वास हाताला संध्याकाळपर्यंत राहतो. त्याचा खरा हंगाम थंडीचा. जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तर प्रत्येक पाटीवर तेच नाव. आमच्या ताटात बिया दाताखाली कचकचत होत्या आणि धुराचा पत्ता नव्हता. "मे महिन्यात कुठलं बामणोद?" बायको म्हणाली. पण पोरं भुकेली, लग्नाची घाई, खाल्लं.

बिल आलं १७३३ रुपये. मी फोन काढून स्कॅन करून मोकळा. आई तेवढ्यात म्हणाली, "भाकऱ्या पाच खाल्ल्या रे आपण." मी म्हटलं, असू दे.

चिठ्ठी नीट वाचली ती फैजपूरला पोचल्यावर. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकऱ्या आठ, चाळीसनं ३२०. भरिताच्या तीन प्लेट २२० नं. कार्डावर भरीत १६० होतं, हे बायकोच्या पक्कं लक्षात. शेवभाजी, ताक, पाणी बरोबर. बेरीज १५००. त्यावर दहा टक्के सेवा शुल्क १५०, आणि त्या सगळ्यावर पाच टक्के जीएसटी. कार्डाच्या भावानं आमचं जेवण होतं १२०० चं.

मेव्हणा एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. त्यानं चिठ्ठीवरचा, २७ नं सुरू होणारा पंधरा अक्षरी नंबर जीएसटीच्या साइटवर टाकला. ढाबा कंपोझिशनमध्ये, म्हणजे लहान धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत निघाला. अशा धंदेवाल्यानं कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो. गिऱ्हाइकाकडून एक रुपया जीएसटी घेता येत नाही, आणि बिलावर तसं छापावंही लागतं. म्हणजे आमच्याकडून कराच्या नावानं घेतलेले साडेब्याऐंशी रुपये कर नव्हतेच. सेवा शुल्काचं तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगून ठेवलंय की ते बिलात परस्पर लावायचं नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही त्यावर शिक्का मारला. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. नंबर शोधायला मेव्हण्याला एक मिनिटही लागलं नाही. हे मला टेबलावर बसूनही करता आलं असतं. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबरही त्यानंच दिला.

खरं सांगायचं तर ५३३ रुपयांपेक्षा "असू दे" हा शब्द मला जास्त लागला. अनोळखी हॉटेलात मी बिलाची ओळ न ओळ वाचतो.

परतीच्या वाटेवर चिठ्ठी घेऊन गल्ल्याशी गेलो. मालकानं ती वाचलीसुद्धा नाही. १९१५ चं नाव काढलं तसा गल्ला उघडला, पाचशेची नोट आणि सुटे काढून माझ्यापुढे सरकवले. "नवं पोरगं शे भाऊ, चूक व्हई गई." मी पैसे मोजत होतो आणि त्याच्या कोपराशी मशीनमधून पुढच्या टेबलाची चिठ्ठी बाहेर येत होती. खाली सेवा शुल्क दहा टक्के, जीएसटी पाच टक्के.