हाय प्रेशर कॉम्प्रेसरचा ऑटो ड्रेन: एका डायव्हिंग सीझननंतर

मशीन इलेक्ट्रिक, ३ स्टेजचं (हवा तीन टप्प्यांत दाबणारं), मिनिटाला १०० लिटर हवा देणारं, डायव्हिंगचे सिलिंडर २२५ बारपर्यंत भरणारं. तारकर्लीच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते मे ऑटो ड्रेन, म्हणजे आत जमलेलं पाणी आपोआप बाहेर सोडणारी जोडणी, लावून चाललं.

आधी हिशेब. ३० अंश तापमान आणि ८० टक्के दमटपणा असेल तर एका घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी असतं. तासाला ६ घनमीटर हवा ओढली की १४५ मिलीच्या आसपास पाणी मशीनमध्ये शिरतं. ते सेपरेटरमध्येच, म्हणजे स्टेजनंतर पाणी वेगळं करणाऱ्या भांड्यातच, सुटायला हवं. सेपरेटर भरला की पाणी थेट फिल्टरमध्ये जातं आणि तिथल्या मॉलिक्युलर सीव्हची (हवेतला ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची) वाट लागते. हाताने दर १५ मिनिटांनी कॉक सोडायचा असतो, पण गर्दीत एखादा हुकतोच.

ऑटो ड्रेनचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) दुसऱ्या स्टेजच्या सेपरेटरवर बसतो आणि करंट असेपर्यंतच बंद राहतो. टायमरने दर १५ मिनिटांनी करंट तोडला की तिथलं पाणी सुटतं. शेवटच्या सेपरेटरचा व्हॉल्व्ह दुसऱ्या स्टेजच्या दाबानेच मिटलेला असतो, त्यामुळे पाठोपाठ तोही उघडतो. ६ सेकंद पुरतात. जास्त ठेवलं तर नुसती हवा वाया जाते आणि सिलिंडर भरायला वेळ लागतो. दमट मे महिन्यात मात्र १५ मिनिटांचं अंतर १० वर आणावं.

वायरिंगची एक चूक हमखास होते. टायमरला मोटरच्या कॉन्टॅक्टरऐवजी (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचऐवजी) कायमचा सप्लाय दिला, तर मशीन थांबलं तरी टायमरची पुढची वेळ येईपर्यंत व्हॉल्व्ह मिटलेलाच राहतो. पाणी आत राहतं, त्याआधी मशीन सुरू केलं तर स्टार्ट दाबावर होतो आणि मोटरचा ओव्हरलोड रिले ट्रिप होतो. दोष मोटरला दिला जातो!

चौथ्या महिन्यात सोलेनॉइडच्या सीटवर तेल-पाण्याचा पांढरा चिकटा बसला. व्हॉल्व्ह नीट मिटेना, सतत बारीक फुसफुस आणि दाब चढायला उशीर. मशीन बंद करून, गेज शून्यावर आल्याची खात्री करून सीट पुसली, ओ-रिंग बदलली, काम झालं. गळती निदान ऐकू तरी येते. व्हॉल्व्ह मिटलेलाच अडकला तर काहीच ऐकू येत नाही, आणि खरा धोका तोच. म्हणून ड्रेनचं पाणी जमतं त्या कॅनवर खुणा करून तासाला किती पाणी जमलं ते लिहावं. थोडं धुक्यासारखं सायलेन्सरमधून उडतं, पण १२० मिलीवरून ६० वर आलं तर उरलेलं फिल्टरमध्ये गेलं असं समजावं. फिल्टरचं कार्ट्रिज लावताना आणि काढताना वजन केलं की शंका उरत नाही.

फिल्टर टॉवर या ड्रेनवर नसतो, त्याचा कॉक वेगळा. मशीन थांबल्यावर टॉवरमधला दाब तसाच राहू द्यावा.

कॅनमधलं दुधाळ पाणी तेलकट असतं. ते वाळूत किंवा समुद्रात न ओतता वापरलेल्या ऑइलबरोबर द्यावं. कॅनचं झाकण घट्ट लावू नये, हवेला वाट हवी.

बोटीवरच्या पेट्रोल मशीनला १२ व्होल्टचा टायमर आणि बॅटरी लागते. खाऱ्या हवेत ती जोडणी टिकवण्यापेक्षा तिथे हाताचा कॉकच बरा.