हेलो की एरोस्क्रीन: उघड्या कॉकपिटला कुठलं कवच?

फॉर्म्युला वनच्या गाडीवर ड्रायव्हरच्या डोक्याभोवती 'हेलो' ही टायटॅनियमची कमान बसून बरीच वर्षं झाली. तरी एखादा मोठा अपघात झाला की चाहत्यांमध्ये वाद पेटतोच: अमेरिकेतल्या इंडीकार मालिकेसारखी 'एरोस्क्रीन' ही काच एफ-वनने का लावू नये? या वादात कुठल्या बाजूने उभं राहायचं हे ज्यांचं अजून ठरलेलं नाही, त्यांच्यासाठी हा आढावा. माझं मत आधीच सांगतो. वळणावळणाच्या ट्रॅकवर हेलो, ओव्हलवर म्हणजे लंबगोल ट्रॅकवर एरोस्क्रीन. कॉकपिट पूर्वीसारखं उघडंच ठेवावं, हा पर्याय मी विचारातच घेत नाही.

जुलै २००९मधले दोन अपघात आठवले की मुद्दा लगेच कळतो. १९ तारखेला ब्रँड्स हॅचला फॉर्म्युला टूच्या शर्यतीत दुसऱ्या गाडीचं निखळलेलं चाक हेन्री सर्टीसच्या डोक्यावर आदळलं. अवघ्या अठराव्या वर्षी तो गेला. सहाच दिवसांनी हंगेरीत पुढच्या गाडीतून सुटलेली एक स्प्रिंग फेलिपे मासाच्या हेल्मेटवर बसली. तो वाचला, पण त्याचा तो हंगाम तिथेच संपला. एकीकडे चाक, दुसरीकडे स्प्रिंग. हेलो चाक अडवण्यासाठी आहे. स्प्रिंग मात्र त्याच्या पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेतून आत येऊ शकते. काचेची बाजू घेणाऱ्यांचा सगळा भर यावरच असतो आणि तो मुद्दा खोटा नाही.

हेलोचं स्वतःचं वजन जेमतेम सात किलो, पण तो पेलतो सुमारे बारा टनांचा भार. २०१८मध्ये तो आला तेव्हा बहुतेक संघांचा विरोध होता. सुरक्षेच्या कारणासाठी नियम बदलायला मतदानाची गरज नसते, म्हणून एफआयए या नियामक संस्थेने तो लागू करून टाकला. मर्सिडीज संघाचे प्रमुख टोटो वोल्फ तेव्हा म्हणाले होते, हातात करवत दिली तर मी हे कापून टाकीन. ड्रायव्हर रोमँ ग्रोजाँही विरोधकांतलाच. २९ नोव्हेंबर २०२०ला बहारीनमध्ये त्याची गाडी लोखंडी कठड्यात घुसली, मधोमध तुटली आणि पेटली. कठड्याच्या पट्ट्या हेलोने बाजूला रेटल्या, म्हणून डोकं शाबूत राहिलं. एक बूट आत अडकवून तो ज्वाळांतून बाहेर आला, आणि हॉस्पिटलच्या खाटेवरून त्याने जाहीरपणे सांगितलं की हेलो नसता तर आज मी बोलत नसतो. मत असं उघडपणे बदलायला हिंमत लागते.

त्यानंतर २०२१मध्ये मोंझाला व्हर्स्टापेनच्या गाडीचं मागचं चाक हॅमिल्टनच्या हेलोवर चढलं. २०२२मध्ये सिल्व्हरस्टोनला झोऊ ग्वान्यूची गाडी उलटली आणि रोल हूप, म्हणजे डोक्यामागची संरक्षक कमानच मोडली. गाडी तशीच घासत गेली तेव्हा डोक्याला आधार उरला तो हेलोचाच. पण मोंझाची ती दृश्यं पुन्हा नीट पाहा. टायर हॅमिल्टनच्या हेल्मेटला लागलेलं दिसतं. हेलोने जीव वाचवला, धक्का पूर्ण टाळला नाही.

आता एरोस्क्रीन. ऑगस्ट २०१५मध्ये पोकोनोच्या ओव्हलवर पुढे आदळलेल्या एका गाडीच्या नाकाचा तुकडा जस्टिन विल्सनच्या डोक्याला लागला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. इंडीकारने शोध सुरू केला. रेड बुलच्या अभियांत्रिकी शाखेबरोबर बनवलेली टायटॅनियमची चौकट आणि त्यात पॉलिकार्बोनेटची जाड काच २०२०मध्ये सगळ्या गाड्यांवर आली. सगळ्यांची चॅसी म्हणजे गाडीचा सांगाडा एकच, दल्लारा कंपनीचा, त्यामुळे एफ-वनसारखी संघासंघांतली ओढाताण झाली नाही.

नुसता हेलो त्यांनी का घेतला नाही, याचं उत्तर ट्रॅकमध्ये आहे. ओव्हलच्या तिरक्या चढावर ड्रायव्हरची नजर वर आणि आतल्या बाजूला असते. हेलोची वरची कड नेमकी तिथेच आडवी येते. शिवाय इंडियानापोलिसला ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर वेग आणि बाजूला काँक्रीटची भिंत. गाडी भिंतीला घासली की बारीकसारीक तुकडे मागच्यांच्या तोंडावर येतात. तिथे काच हवीच.

पण काचेचे त्रासही खरे आहेत. पहिली गोष्ट उष्णता: वारा अडला की कॉकपिट तापतं, म्हणून हवा खेळती ठेवायला वेगळे मार्ग आणि हेल्मेटला नळी जोडावी लागली. धुकं धरू नये म्हणून काचेत तापणारी जाळी आहे. वरून चिकटवलेल्या पारदर्शक पट्ट्या पिटमध्ये, म्हणजे गाडी थांबते तिथे, माणूस एकेक करून ओढून काढतो. पावसात मागून येणाऱ्याला काचेतून नीट दिसत नाही, ही ड्रायव्हरांची तक्रार आहे. वजनही हेलोच्या कितीतरी पट, आणि तेही गाडीच्या पुढच्या, वरच्या भागात. २०१२च्या मूळ बांधणीवर ते नंतर चढवल्यामुळे गाडीचा तोल बदलला.

एफ-वननेही काच आजमावून पाहिली आहे. जुलै २०१७मध्ये सिल्व्हरस्टोनला ड्रायव्हर फेटेलने 'शील्ड' नावाची काच लावून एक फेरी मारली. काचेच्या वक्रतेमुळे त्याला गरगरलं आणि चाचणी थांबली. ती काच वेगळी होती, हे मान्य. पण एफ-वन सिंगापूरच्या दमट रात्री आणि बेल्जियममधल्या स्पाच्या पावसात धावतं. ऑक्टोबर २०२३मध्ये कतारला उघड्या कॉकपिटमध्येही ड्रायव्हर उष्म्याने हैराण झाले. अशा मालिकेत मी तरी आज काच लावा म्हणणार नाही. पावसात स्वच्छ राहणारी हलकी काच कोणी सिद्ध करून दाखवली तर मासाच्या स्प्रिंगचा मुद्दा पुन्हा उघडायलाच हवा.

कोल्हापूर-पुण्याकडचे जे पालक कार्टिंगनंतर मुलामुलींना फॉर्म्युला गाडीत बसवायच्या विचारात आहेत, त्यांना हा निर्णय कागदावरचा नाही. भारतीय फॉर्म्युला ४ स्पर्धेच्या गाड्यांना हेलो आहे. त्याखालच्या, जुन्या बांधणीच्या सिंगल-सीटरवर तो असेलच असं नाही. फी, टायर, इंजिन यांची चौकशी नंतर करा. आधी गाडी प्रत्यक्ष पाहा, हेलो आहे का बघा, आणि चॅसीला पूर्वी मोठा मार बसून दुरुस्ती झाली आहे का ते स्पष्ट विचारा.