ओव्हरड्राफ्ट गृहकर्ज आणि जुन्या घराची दुरुस्ती : अडीच वर्षांच्या वापरानंतर

गृहकर्ज घेताना आम्ही साधं न घेता ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं, म्हणजे ज्यात जादा पैसे ठेवता आणि पुन्हा काढता येतात असं घेतलं आणि त्याच काळात जुन्या फ्लॅटची दुरुस्तीही काढली. या गोष्टीला आता अडीच वर्षं होत आली. कर्ज लवकर फेडायचं आणि घरही नीट करायचं, हे दोन्ही एकदम जमतं का, असं ओळखीतले बरेच जण विचारतात. जमतं. पण हे खातं नेमकं कसं चालतं ते कळलं नाही तर त्याचा काही उपयोग नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

घर डोंबिवली पूर्वेला, पस्तीसेक वर्षं जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. मी आणि नवरा दोघंही नोकरी करतो, सासूबाई आमच्याजवळ असतात, मुलगी शाळेत. कर्ज ३० लाख, मुदत २० वर्षं. आमची बँक कोणती ते लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत. स्टेट बँकेची मॅक्सगेन ही या प्रकारातली सगळ्यांना ठाऊक असलेली योजना. इतरही काही बँकांत वेगळ्या नावांनी अशी खाती मिळतात.

आधी साध्या कर्जाचा हिशेब. आमचा दर सुरुवातीला नऊच्या वर होता, आता खाली आला आहे. सोपं जावं म्हणून साडेआठ टक्के धरते. ३० लाखांचा हप्ता येतो २६,०३५ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले २१,२५० व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं ४,७८५ रुपयांचं. वीस वर्षांत एकूण व्याज होतं साडेबत्तीस लाखांच्या आसपास, म्हणजे मुद्दलापेक्षा जास्त. आता याच हप्त्यात दरमहा १०,००० जास्त भरले तर कर्ज साडेदहा वर्षांत संपतं आणि सतराएक लाखांचं व्याज वाचतं. २०,००० जास्त भरले तर सव्वासात वर्षांच्या थोडं पुढे. हे आकडे मी स्वतः कागदावर मांडले तेव्हाच आमच्या घरातला वाद संपला. तोवर नवऱ्याचं म्हणणं होतं की एवढ्यातेवढ्याने काय फरक पडणार.

ओव्हरड्राफ्ट खात्यात कर्जाची रक्कम उणे शिल्लक म्हणून दिसते. तुम्ही त्यात जादा पैसे ठेवले की व्याज उरलेल्या रकमेवरच लागतं, आणि ते रोजच्या शिलकेवर मोजलं जातं. कर्ज २५ लाख असेल आणि तुम्ही ४ लाख ठेवलेत, तर व्याज २१ लाखांवर. शिवाय ते ४ लाख लागतील तेव्हा काढता येतात. साध्या कर्जात जादा भरलेली रक्कम परत मिळत नाही, ती गेली ती गेली. इथे एक गोष्ट नवख्यांना गोंधळात टाकते : जादा पैसे ठेवले म्हणून हप्ता कमी होत नाही. हप्ता तोच भरायचा, मूळ वेळापत्रकाप्रमाणे पैसे काढण्याची मर्यादा दर महिन्याला थोडी थोडी उतरत जाते, आणि वाचलेलं व्याज तुमच्या जादा शिलकेत साठत राहतं. हे कळेपर्यंत फायदा कुठे होतोय ते दिसतच नाही.

या सोयीचे पैसे बँक घेते. दर साध्या कर्जापेक्षा थोडा चढा असतो. समजा फरक पाव टक्क्याचा आणि कर्ज २० लाख, तर वर्षाला ५,००० रुपये जास्त व्याज. म्हणजे वर्षभर सरासरी साठेक हजार रुपये खात्यात पडून असतील तेव्हा कुठे बरोबरी होते, फायदा त्याच्या पुढे. ज्यांच्याकडे महिनाअखेरीला काही उरत नाही, त्यांनी हे खातं घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन. पगार यात जमा करा आणि हळूहळू काढा, हा सल्ला फार दिला जातो. तो खोटा नाही, पण महिन्याला सरासरी ३०,००० पडून राहिले तरी वाचतात दोनशे-सव्वादोनशे रुपये. तेवढ्यासाठी चढा दर घेण्यात अर्थ नाही.

आमचा खरा फायदा झाला तो दुरुस्तीच्या पैशांमुळे. घर घेतलं तेव्हा एका इंटिरिअरवाल्याने सगळं एकदम करायचा ८ लाखांचा अंदाज दिला होता आणि गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे वरून आणखी कर्ज घ्या असं सुचवलं होतं. ८ लाख, ९ टक्के, १५ वर्षं असा हिशेब केला तर हप्ता ८,११४ आणि व्याजच साडेसहा लाखांच्या वर जातं. बाथरूमच्या फरश्यांचे पैसे मुलगी कॉलेजातून बाहेर पडेपर्यंत फेडत बसायचं हे मला पटेना. मग ठरवलं की दुरुस्तीसाठी वेगळं कर्ज नाही. जे पैसे होते ते मुदत ठेवीत न ठेवता या खात्यात टाकायचे, दरमहाची बचतही तिथेच, आणि एकेक काम त्यातून काढायचं. ४ लाख वर्षभर पडून राहिले तर ३४,००० रुपयांचं व्याज वाचतं. मुदत ठेवीत तेवढं व्याज मिळालं नसतं, आणि मिळालं असतं त्यावरही कर होता.

त्यामुळे काम लांबलं. पहिल्या वर्षी फक्त बाथरूम, संडास आणि वायरिंग. दुसऱ्या वर्षी स्वयंपाकघर. रंग अगदी अलीकडे लागला. घर इतके दिवस अर्धवट राहिलं याचा सासूबाईंना त्रास झाला, हे खरं आहे. पाहुणे आले की त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. पण कामं सुटी काढल्यामुळे प्रत्येक कारागिराशी थेट बोलता आलं. मजुरीचा दर वेगळा ठरवायचा, सामान आपण आणायचं. कल्याणच्या दुकानांत दोन-तीन शनिवार फिरलो, पण कोणत्या पाइपला काय पडतं हे आज मला तोंडपाठ आहे.

सगळ्यांत मोठी बचत झाली ती काय फोडलं नाही त्यातून. मिस्त्री पहिल्या दिवशी म्हणाले, "वहिनी, सगळ्या लाद्या काढून टाकू, नवीन व्हिट्रिफाइड टाकू, घर चमकेल." हॉल आणि खोल्यांत जुनी मोझाइक लादी होती, काळवंडलेली, पण एकही लादी पोकळ वाजत नव्हती. ती काढायची म्हणजे तोडणं, डेब्रिज दोन मजले उतरवणं, सोसायटीला त्याचे पैसे भरणं. वरून नवीन फरशी बसवायची तर लेव्हल वाढते, दारं खालून कापावी लागतात आणि जुन्या स्लॅबवर उगाच वजन. आम्ही पॉलिशवाल्याला बोलावलं. आधी फटी आणि खड्डे पांढऱ्या सिमेंटमध्ये रंग कालवून भरले, मग भरड दगडापासून बारीक दगडापर्यंत मशीन फिरवलं. घरभर राखाडी चिखल झाला होता. तो काढताना जीव गेला, पण पाण्याने धुतल्यावर आतले हिरवे-लाल खडे वर आले आणि सासूबाई म्हणाल्या, "अगं, आमच्या गिरगावच्या घरात अशीच होती." शेवटी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने पॉलिश. नव्या फरशीच्या पाव खर्चात झालं, आणि ही जमीन ओल्या पायांना घसरडी वाटत नाही.

सागवानी दारंही ठेवली. त्यांच्यावर ऑइल पेंटचे थर होते. सुताराने ते खरवडून पॉलिश केलं. ओट्याखालच्या कडप्प्याच्या मांडण्या न तोडता त्यांना फक्त शटर बसवले. मॉड्युलरचे खोके लागलेच नाहीत. शटरसाठी मात्र आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला, पाण्यात टिकणारा मरीन प्लायच घेतला, कारण सिंकखाली ओल येतेच.

जिथे पाणी आणि वीज आहे तिथे पैसे वाचवू नयेत. बाथरूममध्ये जुने लोखंडी पाइप आतून गंजून अर्धे बुजले होते. ते सगळे काढून सीपीव्हीसीचे, म्हणजे न गंजणारे प्लास्टिकचे टाकले. वॉटरप्रूफिंग झाल्यावर, फरशी बसवण्याआधी, नहाणी ट्रॅप (पाणी जायची जाळी) बंद करून चार बोटं पाणी भरलं आणि तीन दिवस तसंच ठेवलं. खालच्या मजल्यावरच्या काकांकडे रोज जाऊन छत हाताने चाचपलं. कारागीर एका रात्रीनंतर पाणी सोडून द्या म्हणत होता, आम्ही ऐकलं नाही. त्यानंतर दोन पावसाळे गेले, खाली थेंब नाही. वायरिंग पूर्ण तांब्याचं नवीन केलं : दिव्यांना दीड, प्लगना अडीच, गिझरला चार चौरस मिलिमीटरची तार, आणि मुख्य बोर्डात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. हे भिंतीत गाडलं जातं, दिसत नाही, म्हणून लोक इथे काटछाट करतात आणि फॉल्स सीलिंगवर खर्च करतात. मला हे उलटं वाटतं.

जुन्या इमारतीत आणखी एक विचार करावा लागतो. आमची इमारत तिशीच्या पुढची, त्यामुळे सोसायटीच्या उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी करायची असते, आणि पुनर्विकासाची चर्चा प्रत्येक वार्षिक सभेत होते. उद्या इमारत पाडली तर भिंतीला ठोकलेलं सगळं तिच्याबरोबर जाणार. म्हणून कपाटं भिंतीत बसवली नाहीत. लोखंडी गोदरेज कपाटाला रंग दिला, पलंग आणि टेबल सुटं केलं. जे उचलून नेता येईल त्यावर खर्च, हा नियम डोंबिवली-ठाण्यातल्या जुन्या इमारतींत राहणाऱ्या प्रत्येकाने पाळावा असं मला वाटतं.

घरखर्चाचं थोडक्यात सांगते, कारण त्यात जगावेगळं काही नाही. किराणा ग्राहक पंचायतीच्या संघातून येतो. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हे काम करते आहे : महिन्याची यादी आधी भरायची, सामान एकाच्या घरी उतरतं, संघातल्या बायका मिळून वाटून घेतो. यादी आधी भरल्यामुळे दुकानात गेल्यावर हाताला लागेल ते उचलणं थांबलं, बचत तिथेच होते. गहू आणि तिखट-मसाला उन्हाळ्यात वर्षाचा. लोकलचा पास तिमाही. पंखे दुरुस्तीच्या वेळीच बीएलडीसी घेतले. जुना पंखा ७५ वॅट खायचा, हा तिसेक वॅट. महावितरणच्या बिलात १०० युनिटांच्या पुढे दर एकदम चढतो, तेव्हा पंख्यांचा फरक दिसतो. गाडी घेतली नाही. मुलीचा गाण्याचा क्लास, सासूबाईंची औषधं आणि वर्षातून एकदा कोकणात गावी जाणं यांना हात लावला नाही. घरातल्या माणसांना काटकसर शिक्षा वाटली तर ती सहा महिन्यांतच मोडते.

आता खात्याचा धोका. पैसे काढता येतात हीच सोय आणि हीच अडचण. ॲपमध्ये लाखांत उपलब्ध रक्कम दिसते आणि ती आपलीच बचत आहे असं वाटायला लागतं, पण ती काढली की कर्जच पुन्हा वाढतं. आम्ही एक वही ठेवली आहे. डावीकडे दुरुस्तीचे, उजवीकडे फेडीचे. उजवीकडचे पैसे दोघांची सही झाल्याशिवाय काढायचे नाहीत. ज्या घरात असा नियम टिकणार नाही, तिथे साधं कर्ज घेऊन जादा रक्कम थेट मुद्दलात भरावी. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचं शुल्क वैयक्तिक कर्जदाराकडून घेता येत नाही, ही रिझर्व्ह बँकेची तरतूद २०१२ पासून आहे.

कराचंही बघा. खात्यात ठेवलेली जादा रक्कम जुन्या करप्रणालीतल्या ८०सी वजावटीसाठी मुद्दलाची फेड म्हणून धरली जात नाही. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावटच नाही, त्यामुळे आमच्यासाठी कर्ज ठेवून कर वाचवायचा हा युक्तिवाद उरला नाही.

तक्रारी दोन. शाखेत हे खातं समजावून सांगणारं कोणी नव्हतं. साधं कर्ज आणि सोबत विमा घ्या एवढंच पुन्हा पुन्हा ऐकलं. विमा आम्ही बाहेरून साधा टर्म घेतला. दुसरं, २०२५ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) फेब्रुवारी ते जून साडेसहावरून साडेपाचवर आला, तरी आमचा दर कधी आणि किती उतरला हे विचारल्याशिवाय कळलं नाही. दर उतरल्यावर हप्ता कमी करायचा की मुदत, हे बँकेला सांगता येतं. आम्ही हप्ता तसाच ठेवायला लेखी सांगितलं.

सध्या दुरुस्ती संपली आहे, त्यामुळे डावीकडचं पान बंद झालं आणि सगळी बचत उजवीकडे चालली आहे. जादा शिल्लक कर्जाइतकी झाली की व्याज शून्य होतं, आणि तेव्हा खातं अडीअडचणीसाठी चालू ठेवा असं काही जण सुचवतात. आम्ही बंद करणार आहोत. पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत मूळ कागदपत्रं परत करणं बँकांवर १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक आहे, उशीर त्यांच्यामुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कर्ज देताना दिलेली कागदपत्रांची यादी आत्ताच शोधून ठेवली आहे. काही देणं उरलं नाही असा नो ड्यूज दाखला, सरसाईतली (गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीतली) नोंद, दुय्यम निबंधकाकडच्या नोटीस ऑफ इंटिमेशनचं, म्हणजे गहाणाच्या सूचनेचं काय करायचं, आणि सोसायटीच्या दप्तरात भाग दाखल्यावर चढवलेला बँकेचा बोजा उतरवणं, एवढं त्या वेळी करायचं आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींना मी आधीच अर्जाचा नमुना विचारून आले.