पेन्सिलीवर जलरंग: पावसाळा ते उन्हाळा वापरून झाल्यावर

गेल्या पावसाळ्यापासून मी एकाच पद्धतीने चित्रं काढतेय. आधी बारीक पेन्सिलकाम, त्यावर जलरंगाचे पातळ वॉश (वॉश म्हणजे पाण्यात कालवून ब्रशने पसरलेला रंगाचा थर), आणि गरज वाटली तर वाळल्यावर पुन्हा थोडी पेन्सिल. विषय जवळपासचेच: वाईचे घाट, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा, वाटेवरचे वड, काळ्या दगडाच्या भिंती. नोकरीत जन्मभर ड्राफ्टिंग केलं, त्यामुळे कडक पेन्सिल हाताच्या सवयीची. ब्रश मात्र निवृत्तीनंतर धरला. म्हणजे हे रेषेकडून रंगाकडे आलेल्या बाईचं मत आहे. रंगाकडून रेषेकडे आलेल्यांना यातलं निम्मं पटणार नाही, चालेल.

पद्धत मला आवडली आणि मी ती सोडणार नाही. पण ती नीट चालायची तर छायाप्रकाश कोणी दाखवायचा हे कागदाला हात लावण्याआधी ठरलेलं हवं. पेन्सिलीने दाखवायचा तर रंगाने फक्त वस्तूचा रंग सांगायचा, सावलीत लुडबुड करायची नाही. रंगाने दाखवायचा तर पेन्सिलीने रेषेवर थांबायचं. दोघांनीही सावली दिली की सासूने आणि सुनेने आपापल्या परीने आमटीत मीठ घातल्यासारखं होतं. बहुतेकांच्या मिश्र चित्रांत जो मळकटपणा दिसतो त्याचं खापर रंगांवर फुटतं, पण मूळ दोन-दोनदा दिलेल्या सावलीत असतं.

ही काही माझी अक्कल नव्हे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये गावं, चर्च, पडके किल्ले यांची चित्रं अशीच व्हायची. पेन्सिलीचं रेखाटन, त्यावर करड्या एकाच रंगात सगळा छायाप्रकाश, आणि शेवटी निळा, पिवळा, तांबूस असा अगदी पातळ रंग. पॉल सँडबी याच परंपरेतला. लंडनला डॉक्टर थॉमस मन्रो यांच्या घरी संध्याकाळी जमणाऱ्या पोरांमध्ये गर्टिन आणि टर्नर हे दोघे तरुण चित्रकार होते. गर्टिन बाह्यरेषा काढायचा आणि टर्नर वॉश भरायचा, अशी नोंद १७९८ सालच्या एका रोजनिशीत आहे. एकाच चित्रावर दोन माणसं, पण कामाची वाटणी स्वच्छ. त्याच दशकात आपल्या पुण्यात ईस्ट इंडिया कंपनीचा वकील म्हणजे रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी गंगाराम तांबट हा चित्रकार वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढत होता. त्याची चित्रं आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात आहेत आणि संगणकावर मोठी करून बघता येतात. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडासुद्धा त्यात आहे. जरूर बघा. रेषा पुढे चालते आणि रंग तिच्या मागून.

आता सामान.

पेन्सिलीत मी स्टेडलरच्या मार्स ल्युमोग्राफ मालिकेतल्या २एच, एच, एफ आणि एचबी याच बहुतेक वापरते. बाहेर घाटावर बसून कच्चं काढायला अप्सराची साधी एचबी, ती हरवली तरी जीव जळत नाही. १७९५ मध्ये काँते या फ्रेंच माणसाने ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून कांड्या भाजायची युक्ती काढली, तेव्हापासून हिशेब तोच आहे: माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकी, ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळी. जलरंगाखाली हा फरक फार जाणवतो. ४बी, ६बी अशा मऊ पेन्सिलींची भुकटी कागदावर नुसती बसलेली असते. ओला ब्रश फिरला की ती उठते आणि रंगात शिरते. निळ्यात खपून जाते, पण पिवळ्यात शिरली तर पिवळा हिरवट, आजारी दिसायला लागतो. एच किंवा एफ अशा कडक पेन्सिलीची रेषा जागची हलत नाही.

म्हणून सगळ्यात कडक पेन्सिल घ्यावी असं मात्र नाही. ४एच जोरात चालवली की कागदात चर पडतो, वॉश त्यात साचतो आणि वाळल्यावर तिथे रंगाची गडद रेघ उमटते. कधी ती हवीशी असते. वडाच्या पारंब्यांमध्ये मी मुद्दाम असे चर पाडते. चेहऱ्यावर किंवा आकाशात असली रेघ उमटली तर चित्र गेलं. टोक ब्लेडनेच लांब काढावं, शार्पनरच्या आखूड टोकाने दगडांच्या सांध्यांत शिरता येत नाही. ०.३ मिमीची क्लच पेन्सिलही वापरून पाहिली. रेघ बारीक येते, पण सगळीकडे एकसारखी, आणि मला त्यात नोकरीतले नकाशे दिसायला लागले. कपाटात ठेवली.

खरा खर्च आणि खरा फरक कागदाचा. पेन्सिलीला गुळगुळीत कागद हवा, पाण्याला जाड आणि नीट साइझिंग केलेला (साइझिंग म्हणजे कागदाने पाणी लगेच पिऊ नये म्हणून दिलेला थर). दोन्ही गुण एकत्र मिळतात ते १०० टक्के सुती, ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) हॉट प्रेस म्हणजे गुळगुळीत दाबलेल्या कागदात. मी आर्श आणि फॅब्रियानो आर्टिस्टिको आलटून पालटून घेते. आर्शला जिलेटिनचं साइझिंग असतं, त्यामुळे रंग वर थोडा वेळ थांबतो आणि हलवता येतो. मांसाहारी पदार्थ नको असणाऱ्यांनी फॅब्रियानो घ्यावा, त्यात प्राणिज जिलेटिन नाही. दोन्ही महाग. यावर माझा उपाय म्हणजे २२ बाय ३० इंचांची पूर्ण शीट घेऊन तिचे आठ तुकडे करायचे. साडेसात बाय अकरा इंचांचा तुकडा बारीक कामाला पुष्कळ होतो. मोठ्या कागदावर इतकं तपशिलाचं काम करायला घेतलं की मान आधी दमते.

कोल्ड प्रेस कागदाला मी नावं ठेवणार नाही, पण त्याचा स्वभाव ओळखून घ्यावा. त्याला उंचवटे आणि खळगे असतात. पेन्सिलीचे कण उंचवट्यांवर अडकतात. अल्ट्रामरीन निळ्यासारख्या रवाळ रंगाचे कण खळग्यांत जाऊन बसतात. दोन्ही मिळून ठिपक्याठिपक्यांचा पोत तयार होतो. काळ्या बसॉल्टच्या भिंतीला तो अप्रतिम शोभतो, घाटाच्या पायऱ्या मी मुद्दाम त्यावर काढते. लाकडी कोरीव खांब किंवा गणपतीच्या सोंडेवरची नक्षी काढायची असेल तर मात्र हॉट प्रेसच. पातळ कार्ट्रिज कागदावर हा खटाटोप करूच नये, पहिल्या वॉशला त्याची लाट होते. साइझिंग कमी असलेला हँडमेड कागद टीपकागदासारखा रंग पिऊन टाकतो, आणि खाली तासन्तास केलेली पेन्सिल धुरकट दिसते.

कागदाबद्दल आणखी एक, कारण हे दुकानात कोणी सांगत नाही. खोडरबर जोरात घासला की साइझिंगचा थर उडतो. कोरड्या कागदावर काही दिसत नाही. वॉश दिला की नेमकं तिथेच रंग जास्त शोषला जातो आणि डाग उमटतो, मग तो जाता जात नाही. त्यामुळे रचना आधी साध्या कागदावर पक्की करायची, चांगल्या कागदावर फक्त उतरवायची, आणि लागलंच तर मळून वापरायच्या मऊ रबराने दाबून उचलायचं, घासायचं नाही. तळहाताखाली कोरा कागद ठेवायचा. हाताचा तेलकटपणा कागदाला लागला की पाणी तिथून पळतं.

क्रमाविषयी. पेन्सिलकाम झालं की मोठ्या मऊ कोरड्या ब्रशने सैल भुकटी झटकते. मग अगदी पातळ वॉश, सहसा बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाची नुसती ओळख वाटावी इतका. तो पूर्ण वाळू देते. रंगातला गोंद पेन्सिलीला कागदाशी बांधून टाकतो, आणि पुढचे वॉश तिला फारसे हलवू शकत नाहीत. याची दुसरी बाजू अशी की त्यानंतर पेन्सिल खोडताही येत नाही. ठेवायची ती रेष ठेवायची, नको ती पहिल्या वॉशच्या आधीच काढायची. ब्रश एका फटक्यात फिरवायचा. त्याच जागी घोळवत राहिलं तर गोंद कितीही असो, ग्रॅफाइट सुटतंच.

वाळल्यावरची दुसरी पेन्सिल हा माझा सगळ्यात आवडता भाग, आणि इथेच लोक घाई करतात. कागद डोळ्यांना कोरडा दिसतो पण आत ओल असते. हाताची मागची बाजू टेकवून बघा, गार लागला तर थांबा. ओलसर कागदावर टोकदार पेन्सिल म्हणजे सरळ ओरखडा. शिवाय गडद रंगावर ग्रॅफाइट काळं दिसतच नाही, चमकतं. प्रकाश तिरका पडला तर दाराआडचा अंधार चंदेरी होऊन बसतो. म्हणून सगळ्यात गडद जागा मी पेन्सिलीवर सोपवत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दाट कालवून ती रंगानेच भरते. मी वर सांगितलेल्या वाटणीला तेवढा एक अपवाद.

या चमकीचा फायदाही आहे. मेणवलीच्या घाटावर छोट्या देवळीत टांगलेली मोठी पोर्तुगीज घंटा आहे. चिमाजीअप्पांच्या वसईच्या विजयानंतर आलेली, अंगावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. ती काढताना आधी हिरवट तपकिरी वॉश दिला आणि धातूची झळाळी वरून २बीने आणली. ग्रॅफाइटची स्वतःची धातूसारखी चकाकी तिथे फुकट कामाला आली. नुसत्या जलरंगाने तो भास मला कधी साधला नव्हता.

रंग थोडेच लागतात. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, एक पारदर्शक पिवळा (माझ्याकडे पीवाय १५० आहे) आणि पीव्ही १९चा गुलाबी. ट्यूबवरचं नाव बघू नका, रंगद्रव्याचा हा क्रमांक बघा. कॅडमियमचे पिवळे-लाल अपारदर्शक असतात, पेन्सिल झाकून टाकतात. तासन्तास काढलेल्या जाळीवर झाकण घालायला कोण सांगतं? विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त रंगांत स्वस्त भुकटीचा भरणा जास्त असतो, पातळ केले तरी वाळल्यावर दुधाळ साय येते. मुलांच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या सरावाला ते ठीक, या कामाला नाहीत. ब्रशबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. टोक जुळणारा ८ नंबरचा एक गोल आणि आकाशाला एक चपटा, बास.

पावसाळ्यात या पद्धतीची परीक्षा होते. वाईत आषाढ-श्रावणात एक वॉश वाळायला अर्धी दुपार जाते. हेअर ड्रायर लावला तर साचलेलं पाणी सरकून कडा उमटतात, म्हणून चकाकी गेल्यावरच आणि लांबून. मध घातलेले रंग त्या दिवसांत पॅलेटमध्ये कडक होतच नाहीत, डबी तिरकी झाली की एकमेकांत मिसळतात. आणि कागद. दमट कपाटात साइझिंग खराब होतं, मग कोऱ्या कागदावर पहिल्याच वॉशला पांढुरके-गडद ठिपके. शीट प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, जमिनीपासून उंच ठेवा. उन्हाळ्यात उलटी तऱ्हा. वैशाखात ब्रश कागदाच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवात वाळलेली असते, तेव्हा मोठे वॉश सकाळी सातच्या आत उरकावेत.

चित्र मोबाइलवर टाकायचं असेल तर मनाची तयारी ठेवा. फोटोत ग्रॅफाइट चमकतं, स्कॅनरमध्ये सगळ्यात फिके वॉश गायब होतात. सावलीत, खिडकीशी, चित्र थोडं तिरकं धरून काढलेला फोटो त्यातल्या त्यात बरा. भिंतीवर लावताना मधे माउंट (काच आणि चित्रात अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट) हवाच. काच थेट टेकली तर पेन्सिल काचेवर उतरते आणि पावसाळ्यात मागे बुरशी धरते. फिक्सेटिव्ह (पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणूनचा फवारा) मारायचंच असेल तर सगळं संपल्यावर, कारण मारल्यानंतर त्या कागदावर वॉश नीट पसरत नाही, थेंब-थेंब उभे राहतात. मी मारत नाही, बटर पेपर घालून फाइलला लावते.

कोणासाठी नाही हेही सांगते. ओलावर ओला रंग सोडून तो कुठे जातो याची मजा बघायला आवडणाऱ्याला ही पद्धत तुरुंग वाटेल. इथे पाणी कुठे जाणार ते पेन्सिलीने आधीच ठरवलेलं असतं. आणि एका बैठकीत चित्र संपवायची सवय असेल तरी त्रास होईल. खांबावरच्या कमळाच्या एका पाकळीवर माझा तासभर जातो, मग वॉश तीन मिनिटांचा.

पैसे मोजकेच असतील तर रंगांचा मोठा सेट घेऊ नका. एक पूर्ण शीट चांगला कागद, दोन पेन्सिली आणि बर्न्ट सिएनाची एकच ट्यूब घ्या. आठ तुकड्यांपैकी दोन-तीनवर नुसत्या त्या एका रंगात काम करा. पेन्सिलीने किती आणि रंगाने किती बोलायचं याचा तुमचा स्वतःचा हिशेब तिथेच बसतो, बाकीच्या ट्यूब त्यानंतर.