आयटीआयमधील सुतारकामाचा अभ्यासक्रम: एका पालकाचे मत
घरबांधणीच्या व्यवसायात उतरू पाहणाऱ्या मुलांसाठी आयटीआयमधील सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम हा आजही कमी खर्चाचा मार्ग आहे. आठवी उत्तीर्ण विद्यार्थ्यालाही त्यात प्रवेश मिळतो. माझ्या पुतण्याने तो नुकताच पूर्ण केला. हत्यारांवरची मेहनत तेथे खरोखर चांगली करून घेतली जाते. पटाशीला धार लावणे, रंधा मारून फळी गुण्यात (कडा काटकोनात) आणणे आणि चौकटीचे कुसू (खाचेत बसवायचे लाकडाचे निमुळते टोक) पाचर न मारता खाचेत घट्ट बसेल इतके नेमके कापणे, यांत सुरुवातीचे महिने जातात आणि ते वाया जात नाहीत. लाकडाच्या रेषांच्या उलट दिशेने रंधा चालवला की पृष्ठभाग कसा उचकटतो, हे त्याने मला सागवानाच्या तुकड्यावर करून दाखवले. यंत्रांच्या बाबतीत मात्र निराशा झाली. बरीचशी बंदच होती, आणि शहरातील अनेक सुतारांचे पोट ज्यावर चालते ते प्लायवूड-लॅमिनेटचे काम घाईत उरकले गेले. कामाच्या खर्चाचे अंदाजपत्रक काढणे तर जवळजवळ शिकवलेच नाही. म्हणून प्रमाणपत्र हाती येताच दुकान थाटण्यापेक्षा, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली एखाद्या आस्थापनेत विद्यावेतनावर उमेदवारी करावी, असे मी सुचवेन.